डॉक्टरबाईंच्या मोटारीचं रबर

रविवारी सकाळी आमच्या घरात एरंडेलाचा वास असायचा. बाबा पितळेच्या वाटीत थोडं एरंडेल घेत, मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळत आणि डॉक्टरबाईंच्या मोटारीचं सगळं रबर पुसून काढत. काचांभोवतीच्या पट्ट्या, दारांच्या कडा, मडगार्ड जिथे अंगाला मिळतो तिथली दोरीसारखी गोल पट्टी, आणि सगळ्यात शेवटी पायदान. त्या काळच्या विलायती मोटारींना दाराखाली एक लांब फळी असे. तिच्यावर पाय ठेवून आत चढायचं. ती फळी लाकडाची आणि वर बारीक रेघांचं काळं रबर. बाबा त्या रेघांमधून बोट फिरवत. बोट सुकं निघालं तर पुन्हा तेल.

मोटार डॉक्टरबाईंची, आणि बाबा तिचे ड्रायव्हर. बालाघाटात बाईंना नावाने कुणी हाक मारत नसे. ‘बाई’ म्हटलं की त्याच. तरुणपणी अमरावतीहून आल्या, लग्न केलं नाही आणि इथल्याच झाल्या. बारीक काठाची पांढरी साडी, हातात काळी बॅग. किरनापूरच्या रस्त्यावरच्या कितीतरी गावांत बाळंतपणं त्यांच्या हातून झाली. रस्ता संपला की मोटार बांधावर उभी राही आणि बाई पुढे चालत जात. बाबा लांजीकडच्या एका खेड्यातले. शेत थोडं आणि भाऊ फार, म्हणून गावात आले. बाईंच्या आवारात झाडांना पाणी घालायला लागले आणि मोटार धुता धुता मोटार शिकले.

मी बाईंच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात शिकले असं म्हटलं तरी चालेल. शाळा गावातलीच होती, पण संध्याकाळी बसायला टेबल बाईंचं होतं आणि वर दिवाही बाईंचाच. मॅट्रिकनंतर आमच्या नात्यातल्या सगळ्यांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, "पोरीले आता कायले शिकवता?" बाबा माझा कॉलेजचा अर्ज घेऊन बाईंकडे गेले. अर्जात पालकाचं शिक्षण विचारलं होतं. बाबांना सही येत होती, तेवढीच. बाईंनी पेन उघडलं आणि त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, ‘मोटारविद्या’. कारकुनाने ते वाचलं आणि अर्ज ठेवून घेतला. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट झाले ती अशी, बाबांच्या सहीने आणि बाईंच्या अक्षराने.

माझा बीएस्सीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात बाईंनी बाबांना बोलावून घेतलं.

"भाऊ, माझे डोळे गेले," त्या म्हणाल्या. "सुईचं नेढं दिसत नाही. माणसाचा चेहरासुद्धा आवाजावरून ओळखते. या महिन्याअखेर मी अमरावतीला भावाकडे जाते."

"आन् गाडी?" बाबांनी विचारलं.

"गाडी विकायची. पण जो गाडी घेईल त्याने तुम्हालाही ठेवायचं. मी तसंच सांगितलंय सगळ्यांना."

बाबा घरी येऊन मायला म्हणाले, "बाई गाडीसंग मले बी विकून राह्यली," आणि स्वतःच हसले. माय हसली नाही. बाबांचं वय पन्नाशीपलीकडे गेलं होतं. ट्रकवर कुणी घेतलं नसतं, कारण एक गुडघा धरलेला. त्यांनी आयुष्यात एकच गाडी चालवली होती, आणि ती आता चालली होती.

दोन गिऱ्हाइकं होती. एक गोंदियाचा व्यापारी, त्याला फक्त गाडी हवी होती. दुसरा भरवेलीच्या रस्त्यावरचा ठेकेदार. तिथल्या खाणीतला माल वाहून नेण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याने निरोप पाठवला, "ड्रायव्हर तो मेरे पास दो है. गाडी देखूंगा. अच्छी लगी तो तीसरे का सोचूंगा." बाराव्या दिवशी येतो म्हणाला. त्याला गाडी आवडली नाही तर ती गोंदियाला जाणार आणि बाबा बालाघाटात राहणार, हे आम्हाला तिघांनाही न बोलता समजलं. बाईंची अट होती, पण बाईंना महिन्याअखेर निघायचं होतं. अटीला किती दिवस धरून ठेवणार?

बाबांनी मला गाडीजवळ नेलं. इंजिन उत्तम होतं. चाकं, ब्रेक, दिवे, सगळं जागच्या जागी. पण अंगावरची कळा गेली होती. दोन वर्षांपूर्वी वावटळीत शेडचे पत्रे उडाले, ते पुन्हा बसलेच नाहीत. गाडी उन्हात उभी राहिली. बाईंची नजर कमी होत गेली तशी बाबांची कामं वाढली. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं रंगावरून ओळखून देणं, बाईंना हाताला धरून पायऱ्या उतरवणं, सायकलवर घरोघरी औषधं पोचवणं. त्यात रविवारचं एरंडेल सुटलं. आता काचांभोवतीचं रबर राखेच्या रंगाचं झालं होतं. पायदान तर त्याहून पांढुरकं. अंगाला राख फासून बसलेल्या गोसाव्यासारखी ती मोटार दिसत होती.

"हे काळं झालं पाह्यजे," बाबा म्हणाले. "बाकी मी पाहतो."

बंपर आणि दिव्यांच्या कड्या त्यांनी रॉकेल आणि खडूच्या पुडीने घासून दोन दिवसांत चकचकीत केल्या. रबरालाही त्यांनी एरंडेल लावून पाहिलं. तेवढ्यापुरतं काळं दिसे आणि दुपारच्या उन्हानंतर पुन्हा राख. बारा दिवसांतले चार गेले.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. बालाघाटच्या माणसालाच ती सुचू शकते. आमच्याकडे खाणीची काळी भुकटी कुठेही मिळते. बैलगाड्यांतून सांडते, रस्त्याच्या कडेला साचते, भरवेलीहून येणाऱ्या सायकलींच्या चाकांना चिकटून घराघरांत येते. दसऱ्याच्या आधी बाया ती भुकटी वस्त्रगाळ करतात, जवसाच्या तेलात टाकून चुलीवर कढवतात आणि दाराच्या चौकटींना लावतात. दुसऱ्या दिवशी चौकट खडखडीत वाळलेली आणि काळीभोर. वर्षभर ना पाण्याने जाते ना उन्हाने. माय दरवर्षी करायची. मला आता त्या भुकटीचं शास्त्रातलं नावही ठाऊक होतं. मँगनीज डायऑक्साइड. प्रयोगशाळेत मी ती काचेच्या बरणीतून चमच्याने काढली होती.

माय भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते लाकडाले लावतेत वं. रबर काय लाकूड हाये काय?"

"माय, तुले नाही समजणार. ते ऑक्साइड हाये. त्याचा रंग जात नाही."

"असंल बाई," माय म्हणाली आणि भाकरी उलटली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. औषधाचं विचारताना ते बाईंकडे जसे पाहत, अगदी तसंच. "लावू काय मंग?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ज्या माणसाने वीस वर्षं त्या रबराला एकाच तेलाखेरीज काही लावलं नव्हतं, त्याने माझ्या एका शब्दावर ब्रश हातात घेतला. मला त्या वेळी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

दोन हात दिले. ऊन चढायच्या आत पहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा. वाळल्यावर गाडी अशी दिसली की मीच दोन पावलं मागे सरले. काळं म्हणजे किती काळं! काचा त्या काळ्या चौकटीत तळ्यासारख्या दिसत होत्या. रस्त्याने जाणारे थांबून बघायला लागले. समोरच्या घरातली मावशी म्हणाली, "बाईनं नवी घेतली काय हो?"

"नाही. आमच्या पोरीनं केली," बाबा म्हणाले. "बीएस्सी झाली ना ते."

त्या दिवसांत ते गाडीजवळून उगाचच दोनदा जास्त चकरा मारायचे.

तिसऱ्या दिवशी बाईंना पोस्टात जायचं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन चांगलंच तापलं होतं. पोस्टासमोर गाडी बराच वेळ उभी राहिली. परत आल्यावर बाई दवाखान्यात गेल्या आणि बाबा दारातच उभे राहिले. मी व्हरांड्यात होते. बाईंच्या पांढऱ्या साडीच्या काठाला हातभर लांब काळा पट्टा ओढलेला मला तिथून दिसत होता. बाईंना तो दिसत नव्हता. त्या तशाच पोस्टात जाऊन आल्या होत्या, लोकांमधून.

बाबा म्हणाले, "बाई, साडीले काळं लागलं."

"कुठे?"

"काठाले. पायदानाचं."

"किती लागलंय?"

"हातभर, बाई."

बाईंनी काठ उचलून हाताने चाचपला. बोटं चिकट झाली, ती नाकाशी नेली. "हे काय आहे, भाऊ?"

"माझ्या हातून झालं," बाबा म्हणाले. "काहीबाही लावलं मी."

मी तिथेच उभी होते. तोंडाशी शब्द आला होता आणि मी तो गिळला. हे लिहिताना आजही मला त्याची लाज वाटते.

आम्ही गाडीजवळ गेलो. बाबांनी पायदानावर अंगठा दाबला आणि उचलला, तर काकवीची तार निघावी तशी रबराची तार निघाली. खालून ते वितळत होतं. काचेभोवती उलट झालं होतं. तिथे वरची कातडी कडक होऊन तडकली होती, आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला, नख शिरेल एवढी चीर पडली होती. ठेकेदार यायला चार दिवस उरले होते.

मी म्हटलं, "बाबा, आपण आणखी एक हात देऊ. आणि त्या दिवशी वरून पावडर फिरवू, चेहऱ्याची. मंग चिकटणार नाही. त्याले समजणार बी नाही."

बाबा चिंधीने अंगठा पुसत होते. "आन् दुसऱ्या दिवशी?" ते म्हणाले. "त्याचीच गाडी मले चालवाची हाये ना, पोरी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्या संध्याकाळी ते जेवले आणि नेहमीसारखं मला म्हणाले, "दिवा जवळ घेऊन वाच, डोये खराब होतीन." वाचायला आता काही नव्हतं. परीक्षा संपली होती.

सकाळी मी बाईंकडे गेले. त्या खुर्चीत बसून चहा गार करत होत्या.

"बाई, ते बाबांनी नाही लावलं. मी सांगितलं होतं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "जवसाच्या तेलाची युक्ती तुझ्या बाबांना सुचली असती, तर वीस वर्षं एरंडेल कशाला लावलं असतं त्यांनी?"

मला रडू आलं. बाईंनी ते आवाजावरून ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "मी नवी नवी डॉक्टर झाले तेव्हा दाईला काही विचारत नसे. कमीपणा वाटायचा. मग एकदा विचारावंच लागलं. या गावात रबर कोण कापतं?"

"मोची कापतो. टायरच्या चपला करतो तो."

"मग माझ्यापुढे काय रडतेस? त्याच्याकडे जा. बाबांना घेऊन जा. आणि विचारताना तू विचार, त्यांना विचारायला लावू नकोस."

तो मोची गुजरीच्या, म्हणजे भाजीबाजाराच्या, तोंडाशी बसायचा. ट्रकच्या जुन्या टायरांचे थर सोडवून त्यांचे तळवे कापायचा आणि खाणीतल्या मजुरांना चपला करून द्यायचा. मी त्याच्यापुढे पायदानाच्या रबराचा एक तुकडा ठेवला. त्याने तो हुंगला.

"जवस आन् खाणीची भुकटी," तो म्हणाला. "कोनं लावलं?"

बाबांनी तोंड उघडलं, त्याच्या आधी मी म्हटलं, "मी लावलं, काका."

"शिकेल हायेस ना वं तू? बाईकडची?"

"हौ, काका."

"मंग ठीक हाये. बिनशिकलेल्यानं लावलं असतं तर मी रागावलो असतो."

शेजारचा भाजीवाला हसला. बाबाही हसले. कालच्या दुपारनंतर पहिल्यांदा. मीही हसले, कारण दुसरं काय करणार होते?

मोच्याने पायाने एक जुना सायकलचा टायर पुढे ओढला. "हे पाय. भरवेलीवाल्याचा हाये. बाकी टायर चांगला, आन् इथंच सडला. काहून? चैनीचं तेल इथं गळते, त्याच्यावर खाणीची भुकटी बसते. तेल एकटं असलं तर चालते. भुकटी एकटी असली तरी चालते. दोघं मियाले की रबर खाऊन टाकतेत. मी रोज पायतो. तुह्या पुस्तकात नाही काय हे?"

पुस्तकात होतं. पुढे मी शोधलं तेव्हा सापडलं. जी भुकटी जवसाच्या तेलाला झटकन वाळवते, तीच तेलात उतरली की हवेला रबराच्या अंगात शिरायला वाट करून देते. चौकटीला जे वरदान ते रबराला विष. पण मला ते आधी गुजरीत कळलं, आणि कायमचं कळलं.

मोच्याने पायदान बघायला स्वतः यायचं कबूल केलं. बाईंची गाडी म्हटल्यावर त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याचे दोन्ही मुलगे बाईंच्या हातचे होते. आम्ही तिघांनी मिळून खराब झालेलं रबर त्याच्या चामडं कापायच्या रापीने खरवडून काढलं. खालची लाकडी फळी शाबूत होती. मग त्याने ट्रकच्या टायरमधून लांबच लांब पट्ट्या काढल्या, सलग, कुठे न तुटता. तो टायर कापताना पाहण्यासारखा असे. रापी पाण्यात बुडवायची, दोन पायांत टायर धरायचा आणि भाजी सोलल्यासारखी पट्टी निघत यायची. त्या पट्ट्या त्याने चपलेला मारतात त्याच बारीक खिळ्यांनी फळीवर ठोकल्या, टायरची नक्षी वर ठेवून. पूर्वीच्या बारीक रेघांच्या जागी आता नागमोडी नक्षी आली. कडेची चमकती पट्टी बाबांनी घासून पुन्हा बसवली. रंग लावायची गरजच नव्हती. टायर जन्माचा काळा.

काचांभोवतीचं रबर मात्र बदलता येण्यासारखं नव्हतं. तसं रबर बालाघाटात काय, गोंदियातही मिळालं नसतं. मी साबणाच्या पाण्याने ते पापुद्रे पुसून काढले, बोटांची साल निघेपर्यंत. नंतर बाबांनी पितळेची वाटी बाहेर काढली. तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही एरंडेल लावलं, एका बाजूने ते आणि एका बाजूने मी. तेल लावायचं नसतं, जिरवायचं असतं, हे मला तेव्हा समजलं. कापड दाबून धरायचं आणि हळूहळू सरकवायचं. ते काळंभोर झालं नाही. काळसर झालं. चीर राहिली तशीच राहिली.

ठेकेदार सांगितल्या दिवशी सकाळी आला. जाडजूड माणूस, पांढरा बुशशर्ट, हातात छत्री. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्याने त्यांना वाकून नमस्कार केला, कारण त्याच्या घरातही बाई कधीतरी गेलेल्या होत्या. मग तो गाडीभोवती फिरला. इंजिन ऐकलं. मान हलवली. बंपरमध्ये आपला चेहरा पाहिला. शेवटी पुढच्या काचेच्या रबरावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"पिछले हफ्ते पोस्ट के सामने देखी थी यही गाडी," तो म्हणाला. "एकदम काली थी. मैंने सोचा, बेचने के लिए किसीने पोता है. आज काली क्यों नहीं है?"

मी एक पाऊल पुढे आले.

"मैंने पोता था," मी म्हटलं. "उससे रबर खराब हो गया. तो निकाल दिया."

"तू कौन?"

"हमारी लडकी है साहब," बाबा म्हणाले. "बीएस्सी हुई है."

तेच शब्द, तोच आवाज. समोरच्या मावशीला सांगताना होता तसाच. मधल्या दिवसांत जे झालं त्याने त्या आवाजातलं काहीसुद्धा कमी झालं नव्हतं. पुढे मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण त्या एका वाक्याएवढं कुणी काही दिलं नाही.

मग बाबांनी त्याला हाताला धरल्यासारखं त्या कोपऱ्याशी नेलं. "साहब, ये देखो. यहां चीर है. बारिश में यहां से पानी आएगा."

"किसपे आएगा?"

"ड्रायव्हर के घुटने पे."

"तो ड्रायव्हर भीगेगा."

"हौ साहब," बाबा म्हणाले. "भीगूंगा."

ठेकेदार एवढ्या मोठ्याने हसला की बाईंनी मान वळवली. "बाई, इसने तो खुद को रख भी लिया!"

त्याने पायदानावर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि सगळा भार टाकून वरखाली झाला. "ये क्या है? ट्रक का टायर?"

"हौ साहब."

"कब तक चलेगा?"

"गाडी से जादा."

ठेकेदार खाली उतरला आणि बाईंपुढे जाऊन उभा राहिला. "बाई, गाडी ड्रायव्हर के साथ ही दे दो. इसके बिना मुझे कौन बताएगा कि इसमें क्या-क्या खराब है?"

चहा करायला आलेल्या मायने दाराआडून हे ऐकलं होतं. ती आत गेली आणि चहात साखर दोनदा घातली. ठेकेदाराने तो चहा बिनतक्रार प्याला.

बाबांनी त्याच्याकडे पुढे कितीतरी वर्षं ती गाडी चालवली. पावसाळ्यात ते उजव्या गुडघ्यावर पोत्याची घडी ठेवून बसत. ठेकेदार दरवर्षी नवं रबर आणतो म्हणे आणि विसरे. त्याच वर्षी मला किरनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. दरवर्षी मी एक तास त्या भुकटीवर घेत असे. लाकडाचा तुकडा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जवसाचं तेल. आठ दिवस खिडकीत उन्हात ठेवायचं आणि मग मुलींनाच विचारायचं की काय झालं. आणि घरी आजीला, आईला विचारून या, असं आधी सांगायचं. मी मायला विचारलं नव्हतं. तिने मात्र न विचारता सांगितलं होतं, भाकरी थापता थापता.

गाडी ठेकेदाराकडे जायच्या आदल्या दिवशी बाई निघाल्या. गोंदियाला जाणारी छोट्या रुळांची आगगाडी सकाळची होती. बाबांनी मोटार व्हरांड्याला लावली, कपडा मारला आणि दार उघडून उभे राहिले. बाईंचं सामान एक ट्रंक आणि ती काळी बॅग. साडी नेहमीसारखी पांढरी, धुऊन कडक इस्त्री केलेली. काळा पट्टा ओढला गेला होता तीच ही साडी का, ते मला कळलं नाही. मायने ती साडी तीनदा धुतली होती, तेवढं मला माहीत आहे.

मी बाईंचा हात धरला. त्यांनी पायाने पायदान चाचपलं. पूर्वीचं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, कारण त्या थांबल्या आणि चपलेचा तळवा नागमोडी नक्षीवरून एकदा फिरवला. मग चढून बसल्या. मोटार गुजरीवरून गेली तेव्हा मोच्याने बसल्या जागेवरून हात जोडले. मी बाईंना तसं सांगितलं आणि त्यांनी खिडकीच्या बाहेर हात केला.

स्टेशनवर उतरताना त्यांनी पुन्हा पायदानावर पाय ठेवला. खाली जमिनीवर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "काठ बघ गं. लागलंय का?"

मी खाली वाकले. काठ हातात घेऊन फिरवत फिरवत पूर्ण पाहिला, पुढून आणि मागून. स्टेशनासमोरची थोडी लाल धूळ होती, ती झटकली.

"नाही, बाई. स्वच्छ आहे."

"मग चला," बाई म्हणाल्या. बाबांनी ट्रंक उचलली, मी बॅग घेतली, आणि आम्ही त्यांना मधे घेऊन फलाटावर गेलो.